तळवा दाखवायचा कुणाला

माझ्या पायांचे तळवे मी शेवटचे कधी पाहिले होते, ते मला सांगता येणार नाही. हाताचे तळवे माणूस दिवसातून दहा वेळा पाहतो. पायाचे कोण पाहतं? पाय धुतले, पुसले, झालं. मी शिवणकाम करते. मिरजगावात बावीस वर्षं बायकांचे ब्लाउज शिवतेय. कोण किती सुटली आणि कोण किती वाळली, ते मी त्यांच्या नवऱ्यांच्या आधी सांगू शकते. पण स्वतःच्या टाचेला भेग पडलीय की नाही, ते मला ठाऊक नसायचं.

शुगर निघून तेव्हा अकरा वर्षं झाली होती. गोळ्या चालू होत्या. चालू म्हणजे आठवण झाली की घ्यायच्या आणि लग्नसराई आली की विसरायच्या. मधली दोन-तीन वर्षं पायांना फार मुंग्या यायच्या, आग व्हायची. ओल्या फरशीवर पाय टेकवून बसावं लागायचं. मग हळूहळू मुंग्या थांबल्या, आगही थांबली. मला वाटलं, सुटले बाई एकदाची. मेथीच्या दाण्यांनी गुण आला, असं मी चारचौघींत सांगितलंसुद्धा. गुण बिण काही नव्हता, पाय बधिर झाले होते. पण ते कळायला अजून वेळ होता, आणि तोवर मी देवीला नारळही फोडून आले होते.

गावातल्या डॉक्टरांनी त्या वेळी एक गोष्ट बजावून सांगितली होती. "रोज घरातल्या कुणाला तरी तळवे दाखवत जा. पुढे पुढे शुगरवाल्याला लागलेलं कळत नाही, दुसऱ्याला दिसतं." मी मान डोलावली आणि बाहेर येऊन हसले. घरात माणसं तीन. मी, हे, आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. मुलगी लग्न होऊन बेलापूरला. आता आत्याबाईंसमोर पाय वर करून बसायची माझी काय बिशाद! आणि ह्यांनी माझ्या पायाला हात लावायचा? आमच्यात बायको नवऱ्याच्या पाया पडते. दसऱ्याला पडते, पाडव्याला पडते, वाढदिवसालाही पडते. चुकून माझा पाय त्यांना लागला तर मी लगेच वाकून नमस्कार करते, त्यांचा मला लागला तर त्यांच्या लक्षातही येत नाही. सप्तपदीला भटजींनी सांगितलं म्हणून त्यांनी माझ्या अंगठ्याला हात लावला होता, तेवढाच. मी काही अडाणी नाही, चांगली दहावी पास आहे. पण पाप लागेल म्हटलं की माझी दहावी कुठे जाते कोण जाणे.

आणखी एक कारण होतं, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. माझे वडील, आमचे दादा, खर्ड्याला असायचे. त्यांनाही शुगर. त्यांच्या अंगठ्याला फोड आला, मग अंगठा काढला, मग पाऊल, मग गुडघ्याच्या वर. ओट्यावर बसून ते रिकाम्या धोतरावरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, पोटरी खाजतीय. ते ऐकलं की मी उठून आत जायचे. मी माहेरी जाणंच कमी केलं. कामाचं निमित्त होतंच, पण खरं कारण ते नव्हतं, मला तो पाय बघवत नव्हता. ते गेल्यावर मी खूप रडले आणि त्या रडण्यात मला थोडं मोकळंही वाटलं. त्याची लाज अजून जात नाही.

तर त्या वर्षीच्या लग्नसराईत माझ्याकडे कपड्यांचा ढीग पडला होता. शिवणारी बाई चपला घालून पायडल मारत नाही. चपलेतून मशीन कळत नाही; कुठे जोर द्यायचा, कुठे सोडायचा, ते अनवाणी पायाला कळावं लागतं. माझ्या पायाला ते कधीच कळेनासं झालं होतं, मी नुसत्या सवयीने शिवत होते. टाके सरळ येत होते, म्हणून पाय ठीक आहेत असं मी धरून चालले होते.

एका दुपारी जरीच्या काठावर सुई मोडली. सुई मोडली की तिचे तुकडे सापडेपर्यंत पुढे शिवायचं नाही, हा माझा नियम. टोक कपड्यात राहिलं तर गिऱ्हाइकाच्या अंगात जाईल. वरचा तुकडा मशीनमध्येच होता. टोक सापडेना. मी लोहचुंबक घेऊन सगळी फरशी पालथी घातली. त्या नवरीच्या ब्लाउजचं अस्तर उसवून इंच न् इंच चाचपलं. शेवटी दमून म्हटलं, गेलं असेल कुठे फटीत. नवी सुई लावली आणि त्याच अनवाणी पायांनी पायडल मारायला बसले.

आठेक दिवसांनी घरात वास यायला लागला.

आधी आत्याबाईंच्या लक्षात आलं. "उंदीर मेलाय कुठं तरी," त्या म्हणाल्या. ह्यांनी रानातून आल्यावर कणगीमागे पाहिलं, माळ्यावर पाहिलं. दुसऱ्या दिवशी वास जास्त. मग ह्यांनी माझ्या शिवणाच्या खोलीतलं सामान बाहेर काढायला घेतलं. पेटी ओढली, चिंध्यांचं गाठोडं सोडलं. मी त्यांना मदत करत होते. पेटीचं एक टोक मीच धरलं होतं. आणि मला ठाऊक होतं.

म्हणजे पुरतं ठाऊक नव्हतं. पण आदल्या दिवशी पायडलच्या जाळीवर मी पिवळट ओलं काहीतरी पाहिलं होतं. तेल सांडलं असेल म्हणून पुसून टाकलं, आणि ते फडकं नाकाशी न नेता चुलीत टाकलं. डाव्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट सुजलं होतं, त्या बोटातलं जोडवं रुतून बसलं होतं. मी मोजे घालायला लागले होते. ऐन उन्हाळ्यात मोजे! कुणी विचारलं तर भेगांना मलम लावलंय म्हणायचे. मोजा काढून पाय उलटा करून पाहायला दोन मिनिटं लागली असती. मी पाहिलं नाही. आरशात पाहिलं नाही, मोबाईलमध्ये फोटो काढून पाहिलं नाही. पाहिलं की ते खरं होणार होतं. माझ्या डोळ्यांसमोर वडिलांचं रिकामं धोतर यायचं आणि मी पुढचा ब्लाउज कापायला घ्यायचे. इतकी मी घाबरले होते, आणि त्या भीतीत मी नवऱ्याबरोबर मेलेला उंदीर शोधत होते.

हे मशीनखाली वाकले, तेव्हा त्यांचं तोंड माझ्या पायाजवळ आलं. वाकलेले तसेच राहिले. मग हळूच म्हणाले, "मोजा काढ."

"कशाला? भेगांना मलम लावलंय."

"काढ म्हंतोय ना."

मी पाय मागे ओढला. त्यांनी घोटा धरला. मी ओरडले, "सोडा! माझ्या माथी पाप लावता का?" दारात आत्याबाई उभ्या होत्या. मला वाटलं त्या तरी मुलाला आवरतील. पण त्या नाकाला पदर लावून माझ्या पायाकडे बघत होत्या. ह्यांनी मोजा ओढला. तो सहज निघाला नाही, आणि तरी मला काही दुखलं नाही. त्यांच्या तोंडाकडे पाहून मला समजलं, आपल्या पायाला काय झालंय ते. तळवा मी तेव्हाही पाहिला नाही.

"कधीपास्नं हाय हे?" त्यांनी विचारलं. मी पदराने पाय झाकायला गेले.

"अगं, उंदीर हुडकीत हुतो की मी. दोन दिस उंदीर हुडकीत हुतो." एवढंच ते दोन-तीनदा म्हणाले आणि शेजारच्यांची गाडी मागायला गेले.

नगरपर्यंतच्या रस्त्यात मी खिडकीतून बाहेर पाहत होते आणि मनात एकच चाललं होतं, किती वरपर्यंत? बोटं? घोटा? गुडघा? मी माझा गुडघा घट्ट दाबून धरला होता, जणू कुणी तो तिथूनच हिसकून नेणार होता. अंगात ताप होता. लघवीला लागल्यासारखं सारखं वाटत होतं.

दवाखान्यातली डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची होती. सगळे तिला मॅडम म्हणत होते. तिने एक्स-रे काढायला लावला आणि फोटो उजेडासमोर धरला. हाडांच्या करड्या रंगात एक पांढरीशुभ्र बारीक रेघ होती, अंगठ्याच्या बुडाशी, तिरपी. "मावशी, हे काय आहे माहितेय का?" तिने विचारलं.

मी लांबूनच ओळखलं. "सोळा नंबरची सुई," मी म्हणाले. "मी लई हुडकली तिला."

मॅडम हसली नाही. माझंही हसणं तोंडातच राहिलं. सुई पायात घुसली होती आणि तिच्यावरच उभी राहून मी दुसऱ्यांच्या अंगात सुई जाऊ नये म्हणून अस्तर उसवत होते, हे तिला काय सांगणार? ती म्हणाली, पू हाडापर्यंत गेलाय, अंगठा आणि शेजारचं बोट काळं पडलंय, ती काढावी लागतील. बाकी आत गेल्यावर कळेल.

"बाकी म्हणजे?"

"रक्त किती खालपर्यंत नीट पोचतंय त्यावर आहे मावशी. आत्ता खोटं सांगणार नाही."

नर्सने कात्रीने माझं जोडवं कापून काढलं आणि कागदात बांधून ह्यांच्या हातात दिलं. मग त्यांना कागदावर सही करायला बोलावलं. मी त्यांची बाही धरली. म्हटलं, "घोट्याच्या वर काही लिहिलं आसंल तर सही करू नका. मला तसंच ऱ्हाऊ द्या. मेले तरी चालंल, पण मला आमच्या दादांवानी बसायचं न्हाई."

त्यांनी माझा हात बाहीवरून सोडवला. "मी समद्यावर सही करनार हाय," ते म्हणाले. "जिथंवर न्यायचा तिथंवर नेऊ दे पाय. तू घरी आली पायजे." आणि गेले. मला त्यांचा इतका राग आला. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती, पण इतका राग कधी आला नव्हता. आत नेईपर्यंत मी त्या रागालाच धरून होते. तो सुटला असता तर मागे नुसती भीती उरली असती.

कमरेतून इंजेक्शन दिलं होतं. बाहेर आणलं तेव्हा कमरेखाली काहीच जाणवत नव्हतं. मी चादरीवरून हात फिरवला. मांडी लागली. वाकायला देत नव्हते, हात गुडघ्याच्या पुढे पोचेना. ह्यांना विचारायचा धीर होईना. ते आपणहून म्हणाले, "दोनच बोटं. बाकी हाय." मी चादर तोंडावर ओढली आणि रडले. वडिलांची आठवण आली. त्यांना बाहेर आणलं तेव्हा त्यांच्या जवळ कोण होतं, हे मला माहीतसुद्धा नव्हतं.

जखम भरायला बरेच महिने लागले. दिवसाआड ड्रेसिंग, टाचेवर चालायचं, इन्सुलिनची सुई स्वतःच्या हाताने पोटात. शिवणारी बाई सुईला घाबरते म्हटलं तर लोक हसतील, पण मी घाबरायचे. ह्यांनी मशीनला मोटार बसवून आणली. गिऱ्हाइकं भेटायला यायची, बुंदीचे लाडू आणायची आणि मग जीभ चावायची. आत्याबाईंनी एकदा जोडव्याची ती पुडी उघडली. मला वाटलं आता म्हणतील, तिसऱ्या बोटात घाल, सवाष्णीचा पाय मोकळा नको. त्या खाली बसल्या आणि माझ्या चांगल्या, उजव्या पायातलंही जोडवं स्वतःच्या हाताने काढायला लागल्या. "आवो, आत्याबाई!" मी म्हटलं.

"गप. रुतंल आन् तुला कळायचं न्हाई," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की ह्या घरात मी एकटीच घाबरलेली नाही.

मग रोजचं पाय बघणं सुरू झालं. सकाळी चहाच्या आधी मी कॉटवर बसायचे, हे खाली पाटावर. पहिले काही दिवस मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. त्यांनी पाय मांडीवर घेतला की मी दुसरीकडे बघायचे आणि झालं की वाकून त्यांना नमस्कार करायचे, पापाची फेड म्हणून. "वाकू नको, तोल जाईल," ते ओरडायचे. आत्याबाई पहिल्या दिवशी भिंतीकडे तोंड करून बसल्या. तिसऱ्या दिवशी बॅटरी घेऊन आल्या आणि मुलाला म्हणाल्या, "बोटांच्या मधी बघ नीट. आंधळ्यावानी काय बघतुस."

दिवाळीआधी नगरला तपासायला गेलो. मॅडमने मला डोळे मिटायला सांगितलं आणि उजव्या पायाला ठिकठिकाणी एक प्लास्टिकचा दोरा टेकवला. लागलं की हो म्हणायचं. डाव्या पायात जाण परत येईल ही आशा तिने सोडलीच होती. उजव्याला मी बऱ्याचदा हो म्हणाले. ती खूश झाली. म्हणाली, ह्या पायात अजून थोडी जाण आहे, ती गेली तर ह्याचंही त्याच वाटेने जायला वेळ लागणार नाही. रोज बोटाने हलकं टेकवून घरी पाहा. कमी वाटलं तर त्याच दिवशी या, वाट बघू नका.

त्या दिवसापासून ह्यांनी ते काम अंगावर घेतलं. मी डोळे मिटायचे. ते पाच ठिकाणी बोट टेकवायचे आणि दर वेळी विचारायचे, "हितं?" मी म्हणायचे, "व्हय." पाच वेळा 'व्हय' झालं की ते मोठ्याने "चहा टाका" म्हणायचे, आणि त्या आवाजावरून आत्याबाईंना आत कळायचं. इतकं हलकं वाटायचं त्या घराला तेव्हा. हे पुन्हा पोटभर जेवायला लागले होते. रानात लिंबाला पाणी सोडायला गेले तरी फोन करून पायाची चौकशी करणारा माणूस पुन्हा गावच्या राजकारणावर तावातावाने बोलायला लागला होता.

थंडी सुरू झाली तेव्हा एका सकाळी त्यांनी "हितं?" विचारलं आणि मला काही लागलं नव्हतं. अंगठ्याखाली. मी "व्हय" म्हणाले. थंडीने असेल, असं मनाशी म्हटलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. मग टाचेलाही. मी "व्हय" म्हणत राहिले. त्यांच्या विचारण्याला एक ताल होता, त्यात उत्तर चुकणं शक्यच नव्हतं. दिवसभर मी शिवताना मनात घोकायचे, आज दुपारी सांगू, उद्या सांगू. सांगितलं की गाडी, एक्स-रे, ती सही. पुन्हा ते म्हणणार, समद्यावर सही करनार. एक पाय गेला तर माणूस दुसऱ्यावर उभं राहतं. दोन्ही गेले तर मी त्या दोघांच्या जिवावर काय बसून राहू? आत्याबाईंनी ह्या वयात मला न्हाणीत न्यायचं? रोज सकाळी "चहा टाका" ऐकलं की मला सुटल्यासारखं वाटायचं आणि कपातला चहा तसाच राहायचा; आत्याबाई तो भरला कप उचलून न्यायच्या.

असे किती दिवस गेले, मी मोजले नाहीत. एका सकाळी नेहमीसारखी कॉटवर बसले, डोळे मिटले.

"हितं?"

"व्हय."

"हितं?"

"व्हय."

"आन् हितं?"

"व्हय."

"हितं?"

"व्हय म्हनते ना."

"हितं?"

"व्हय."

चहाचं कुणी काही बोललं नाही. मी डोळे उघडले. माझा पाय पाटाच्या कडेवर एकटाच टेकलेला होता. ह्यांचे दोन्ही हात त्यांच्या स्वतःच्या गुडघ्यांवर होते. त्यांनी मला हातच लावला नव्हता. मागे आत्याबाई विझलेली बॅटरी धरून उभ्या होत्या, आणि त्या दोघांची तोंडं बघून मला कळलं की त्यांनी हे आधी ठरवलं होतं, आणि हे करताना ते माझ्याइतकेच घाबरले होते.

मला वाटलं आता ते ओरडतील. त्यांनी मान खाली घातली, माझा उजवा पाय उचलून मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी गच्च धरला. त्यांच्या हातांचा जोर मला गुडघ्यात कळला. तळव्यात नाही.

"हितं?" त्यांनी विचारलं.

"न्हाई," मी म्हणाले.